घरच्या सर्व्हरसाठी यूपीएस घ्यायचाय? बॅकअपच्या मिनिटांआधी यूएसबी पोर्ट बघा

लाईट जाते. पंखा मंदावतो, तेवढ्यात इन्व्हर्टर सुरू होतो आणि पंखा पुन्हा फिरायला लागतो. घरात कुणाला फारसं काही जाणवतही नाही. पण टीव्हीमागच्या कोपऱ्यात ठेवलेला छोटा सर्व्हर त्या मधल्या क्षणात धाडकन बंद पडून पुन्हा सुरू झालेला असतो.

एकदा झालं तर बहुतेक वेळा निभावून जातं. पण पावसाळ्यात दिवसातून चार वेळा असं व्हायला लागलं, की एखाद्या सकाळी डिस्क उघडतच नाही. आणि त्या डिस्कवर असतात बारशापासूनचे फोटो, आजोबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज, घराची कागदपत्रं.

यावरचा उपाय म्हणजे यूपीएस, हे सगळ्यांना माहीत असतं. गडबड होते ती यूपीएस निवडताना. दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, 'बॅकअप किती मिळेल?' घरच्या सर्व्हरसाठी हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न वेगळाच आहे. तो कोणता, ते बघू.

घरचा सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

चोवीस तास चालू राहणारा आणि घरातल्या इतर उपकरणांना सेवा देणारा कुठलाही कॉम्प्युटर. तो रास्पबेरी पाय असू शकतो, मिनी पीसी असू शकतो, दोन डिस्कचा नॅस बॉक्स असू शकतो किंवा जुना डेस्कटॉप असू शकतो. कुणी त्यावर इमिच टाकून फोटो ठेवतं, कुणी नेक्स्टक्लाउडवर फाइल्स, कुणी जेलीफिनवर सिनेमे, तर कुणी होम असिस्टंटवर घरातले दिवे चालवतं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आपण झोपलेले किंवा ऑफिसला गेलेले असतानाही ते चालू असतात. म्हणजे लाईट जाते तेव्हा ते नीट बंद करायला बहुतेक वेळा घरात कुणी नसतं.

अचानक लाईट गेली तर बिघडतं काय?

कॉम्प्युटर प्रत्येक गोष्ट लगेच डिस्कवर लिहीत नाही. वेग मिळावा म्हणून तो माहिती आधी रॅममध्ये गोळा करतो आणि थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर उतरवतो. वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. फाइल अर्धी लिहिलेली असेल तर ती अर्धीच राहते.

आजच्या फाइल सिस्टिम्स अशा धक्क्यातून सावरतील अशाच बनवलेल्या आहेत. ईएक्सटी४ कामाची आधी नोंद ठेवते, झेडएफएस जुन्या माहितीवर थेट लिहीत नाही. त्यामुळे दरवेळी नुकसान होतंच असं नाही. पण धोक्याच्या जागा उरतातच. डेटाबेसची फाइल अर्धवट राहू शकते. रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड ऐन लिहिताना वीज गेल्याने खराब होऊ शकतं. रेड ५ मध्ये एका डिस्कवर नवी माहिती आणि दुसऱ्यावर जुनीच, अशी फारकत होऊ शकते. शिवाय हार्ड डिस्कला दरवेळी आपलं डोकं घाईघाईने बाजूला घ्यावं लागतं, आणि असं किती वेळा झेपेल याला मर्यादा असते.

मग यूपीएसचं खरं काम कोणतं?

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. मुंबई आणि आसपासच्या भागाची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि काही भागांत वीज परत यायला कित्येक तास लागले. घरगुती यूपीएस इतका वेळ पुरणं अवघडच. आणि तो पुरावा अशी अपेक्षाही नाही.

घरच्या सर्व्हरसाठी यूपीएसची कामं तीन. एक, पाच-दहा सेकंदांची छोटी झटकी सर्व्हरला कळूही न देणं. दोन, व्होल्टेजचे चढ-उतार मधल्यामध्ये सांभाळणं. तीन, लाईट लवकर येत नाही असं दिसलं की 'आता नीट बंद हो' असा निरोप सर्व्हरला देणं.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बऱ्याच स्वस्त यूपीएसना जमत नाही. कारण निरोप द्यायला तार लागते. यूपीएसच्या मागे यूएसबी डेटा पोर्ट नसेल, तर लाईट गेल्याचं सर्व्हरला समजतच नाही. बॅटरी संपेपर्यंत तो मजेत चालतो आणि मग पूर्वीसारखाच धाडकन बंद पडतो. तुम्ही पैसे खर्च करून तेच संकट फक्त अर्धा तास पुढे ढकललेलं असतं.

म्हणून पहिला प्रश्न हा : या यूपीएसला सर्व्हरशी बोलता येतं का?

घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?

रास्त शंका आहे. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-अवर. छोट्या यूपीएसमधल्या बॅटरीच्या वीसपट.

अडचण आहे मधल्या क्षणाची. कॉम्प्युटरचा एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १५ ते २० मिलिसेकंद तग धरतो. संगणकासाठीचा यूपीएस सहसा १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला याहून जास्त वेळ लागतो. पंख्याला, ट्यूबलाईटला काही फरक पडत नाही, पण सर्व्हरचा जीव तेवढ्यात जातो.

बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस मोड' असं बटण असतं. ते चालू केलं की बदलाचा वेळ कमी होतो आणि बरेच कॉम्प्युटर बंद न पडता चालू राहतात. तरीही बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही, हा प्रश्न उरतोच.

सगळ्यात चांगली जोडी म्हणजे दोन्ही एकत्र. इन्व्हर्टरच्या लाइनवर छोटा यूपीएस आणि त्यावर सर्व्हर. मधला क्षण यूपीएस सांभाळतो, पुढचे तास इन्व्हर्टर. फक्त एक बघा. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्याची वीज काही यूपीएसना 'खराब' वाटते. ते ती घेतच नाहीत आणि स्वतःच्या बॅटरीवरच बसून राहतात. ही जोडी जमवायची असेल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा.

या जोडीत एक गोम आहे. इन्व्हर्टर चालू असेपर्यंत यूपीएसला लाईट गेल्याचं कळणारच नाही. इन्व्हर्टरची बॅटरी संपेल तेव्हाच त्याला कळेल, आणि तेव्हा सर्व्हर बंद करण्यापुरता जोर त्याच्या स्वतःच्या बॅटरीत असला पाहिजे. त्यामुळे 'इन्व्हर्टर आहे ना' म्हणून यूपीएसच्या बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका.

व्हीए आणि वॅट : खोक्यावरचा मोठा आकडा फसवतो

खोक्यावर ठळक अक्षरांत '६०० व्हीए' लिहिलेलं असतं. हे ६०० वॅट नव्हेत. बऱ्याच घरगुती मॉडेलांत वॅटचा आकडा व्हीएच्या ६० टक्के असतो. म्हणजे ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचा, १,००० व्हीएचा ६०० वॅटचा. बारीक अक्षरांतला वॅटचा आकडा शोधा आणि हिशोब त्यावरच करा.

आता तुमचा भार किती? सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, रोजचा वापर नव्हे. खरा आकडा हवा असेल तर प्लगमध्ये बसणारं वॅटमीटर मिळतं, ते लावून बघा. अंदाजासाठी :

- रास्पबेरी पाय : १० वॅटच्या आत
- मिनी पीसी : निवांत असताना १० वॅटच्या आसपास, कामात ३० ते ४०
- दोन डिस्कचा नॅस : २० ते ३० वॅट
- जुना डेस्कटॉप : ५० ते १०० वॅट
- राउटर आणि फायबरचा डबा : दोन्ही मिळून १५ ते २० वॅट

यात एक उसळी धरा. मोठी हार्ड डिस्क थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा काही सेकंद २० ते २५ वॅटपर्यंत ओढते. दोन डिस्क असतील तर दोघींची उसळी एकदम.

समजा तुमच्याकडे दोन डिस्कचा नॅस, राउटर आणि फायबरचा डबा आहे. रोजचा भार ५० वॅट, सुरू होताना ८० ते ९०. वॅटच्या हिशोबाने ६०० व्हीएचा यूपीएससुद्धा भरपूर झाला. म्हणजे छोट्या सर्व्हरसाठी ताकद हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो पोर्टचा आणि बॅटरीचा.

बॅकअप किती मिळेल?

छोट्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-अवर. ५० वॅटच्या भाराला दीड तास मिळायला हवा, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात तसं होत नाही.

कारण ७ एएच हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा आहे. घाईने रिकामी केली की लेड-ॲसिड बॅटरी कमी वीज देते. शिवाय बॅटरीची डीसी वीज एसी करताना काही वाया जाते आणि यूपीएस स्वतःही थोडी खातो. हे सगळं वजा केलं की ५० ते ६० वॅटवर नव्या बॅटरीचा अर्धा-पाऊण तास धरावा. ३०० वॅटचा भार टाकला तर जेमतेम चार-पाच मिनिटं. बॅटरी दोन वर्षं जुनी असेल तर याच्या निम्मं धरून चाला.

आता दुसरी बाजू. तुमचा सर्व्हर नीट बंद व्हायला किती वेळ लागतो? घड्याळ लावून एकदा बघा. साध्या नॅसला दोन-तीन मिनिटं लागतात. व्हर्च्युअल मशिन्स असतील तर दहा मिनिटंही लागू शकतात. पाच मिनिटं वाट बघणं, अधिक बंद व्हायचा वेळ, आणि या बेरजेच्या दुप्पट बॅकअप. एवढं मिळत असेल तर तुमचं काम झालं.

यूपीएसचे तीन प्रकार

ऑफलाइन : वीज असते तोवर ती जशीच्या तशी पुढे देतो, गेली की बॅटरीवर जातो. सगळ्यात स्वस्त. व्होल्टेज खालीवर झालं की वरचेवर बॅटरीवर जातो आणि बॅटरी लवकर बसते.

लाइन-इंटरॲक्टिव्ह : यात व्होल्टेज सुधारणारा ट्रान्सफॉर्मर असतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तरी बॅटरीला हात न लावता तो ते वर उचलतो. ज्या भागात संध्याकाळी दिवे पिवळे पडतात, डीपीवर भार जास्त असतो, तिथे हाच घ्यावा. घरच्या सर्व्हरसाठी बहुतेकांना हाच योग्य.

ऑनलाइन : वीज सतत एसीची डीसी आणि पुन्हा एसी करून देतो. बदलाचा वेळ शून्य. पण महाग, पंख्याचा आवाज सतत, आणि वीज खातो. घरातल्या छोट्या सर्व्हरला सहसा याची गरज नसते.

आणखी एक तपशील. बॅटरीवर असताना स्वस्त यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, तिला सिम्युलेटेड साइन वेव्ह म्हणतात. नॅस आणि मिनी पीसीच्या छोट्या अडॉप्टरना ती सहसा चालते. पण ॲक्टिव्ह पीएफसी असलेला एसएमपीएस बसवलेला डेस्कटॉप तिच्यावर कधी कधी बंद पडतो. तुमचा सर्व्हर असा असेल तर प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घ्या, किंवा घेण्याआधी जोडून बघा.

यूएसबी तार जोडली, पुढे काय?

तार जोडल्यावर सर्व्हरमध्ये ऐकणारं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सवर 'नेटवर्क यूपीएस टूल्स' नावाचं मोफत सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त वापरलं जातं. त्याला 'नट' म्हणतात. ट्रूनॅसमध्ये ते आधीपासूनच असतं. सिनॉलॉजीच्या नॅसमध्ये सेटिंग्जमध्येच यूपीएसची सोय आहे. होम असिस्टंटही 'नट'कडून माहिती घेतो. यूपीएस घेण्याआधी तो मॉडेल नंबर 'नट'च्या यादीत किंवा तुमच्या नॅस कंपनीच्या यादीत आहे का, ते तपासा. या एका कामाला पाच मिनिटं लागतात आणि पुढचा मनस्ताप वाचतो.

काही यूपीएसच्या मागे यूएसबीऐवजी नेटवर्क केबलसारखं दिसणारं भोक असतं. त्यात साधी नेटवर्क केबल घालू नका. कंपनीची खास तार लागते. ती खोक्यात आहे का ते विचारा.

घरात दोन-तीन मशिन्स असतील तर प्रत्येकाला वेगळी तार लागत नाही. एक मशीन यूपीएसला तारेने जोडायचं आणि बाकीच्यांना त्याने नेटवर्कवरून निरोप द्यायचा. त्यासाठी राउटर आणि मधला स्विचही त्याच यूपीएसवर हवेत. नाहीतर लाईट गेल्यावर निरोप जाणार कुठून?

सेटिंगमध्ये 'बॅटरी २० टक्के उरली की बंद हो' असं ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. जुन्या बॅटरीचे टक्के खोटं बोलतात, ४० वरून एकदम शून्यावर येतात. 'लाईट जाऊन पाच मिनिटं झाली की बंद हो' हे जास्त भरवशाचं. आणखी एक फायदा म्हणजे बॅटरी पूर्ण रिकामी होत नाही. ती पुन्हा भरायला सहसा सहा ते आठ तास लागतात आणि पावसाळ्यात लाईट तासाभरात पुन्हा जाऊ शकते.

लाईट परत आल्यावर सर्व्हर सुरू होतो का?

हे बरेच जण विसरतात. सर्व्हर नीट बंद झाला, लाईट आली, पण तो सुरूच झाला नाही. तुम्ही गावाला, आणि फोटो बघायला घरी कुणी बटण दाबणारं नाही.

बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर सुरू हो' अशा अर्थाचं सेटिंग असतं, ते चालू करा. पण तेवढ्याने भागत नाही. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएसची बॅटरी संपायच्या आत लाईट आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलेलीच नसते. मग तो सुरू होत नाही. म्हणून सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसनेही काही वेळाने आपली वीज तोडायला हवी. 'नट'मध्ये ही सोय आहे, मात्र यूपीएसनेही ती आज्ञा पाळायला हवी. स्वस्त मॉडेलं इथे कमी पडतात.

कमी खर्चाचे दोन मार्ग

तुमचा सर्व्हर म्हणजे जुना लॅपटॉप असेल, तर यूपीएस त्याच्या पोटातच आहे. बॅटरी अमुक टक्के उरली की बंद हो, हे सेटिंग त्यात असतंच. बॅटरी ठीक असल्याची खात्री करा आणि चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवता येत असेल तर ठेवा. सतत १०० टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी फुगण्याचा धोका जास्त. फुगली तर तो लॅपटॉप वापरू नका.

फक्त राउटर आणि फायबरचा डबा चालू ठेवायचा असेल, तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. घरून काम सुरू झाल्यापासून तो सहज मिळतो. घेताना राउटरच्या अडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर राउटर जळू शकतो.

बॅटरी हा सुटा भाग आहे, कायमचा नव्हे

लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना साधारण तीन ते पाच वर्षं. तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेला यूपीएस दोन वर्षांतच दम सोडू शकतो. त्याला हवा खेळेल अशी जागा द्या. टीव्हीच्या कपाटात, पडद्याआड कोंबू नका.

बॅटरी सहज बदलता येते का आणि ती कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या मापाची आहे का, हे घेतानाच विचारा. लेड-ॲसिडच्या जागी स्वतःच्या मनाने लिथियम बॅटरी बसवू नका. आतला चार्जर तिच्यासाठी बनवलेला नसतो. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, तिच्यात शिसं आणि ॲसिड असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे देता येईल का, ते विचारा.

आणि दर तीन महिन्यांनी एकदा परीक्षा घ्या. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही सुटतं. भिंतीवरचं बटण बंद करा. सर्व्हरला निरोप गेला का, तो नीट बंद झाला का, पुन्हा सुरू झाला का, तिन्ही बघा. पहिली परीक्षा मात्र महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत काढून ठेवल्यावरच.

दुकानात जाताना ही यादी सोबत न्या

१. यूएसबी डेटा पोर्ट आहे का? फक्त मोबाइल चार्जिंगचा तर नाही ना?
२. मॉडेल तुमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का?
३. व्हीए नव्हे, वॅट किती? तुमच्या कमाल भाराच्या दीडपट तरी आहेत का?
४. लाइन-इंटरॲक्टिव्ह आहे का?
५. बॅटरी कोणत्या मापाची, किती, आणि बदलता येते का?
६. सॉकेट कोणते? काहींना मागे साधा थ्री-पिन प्लग बसत नाही, वेगळी केबल लागते.
७. बीआयएसचं नोंदणी चिन्ह आहे का?
८. सेवा केंद्र तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात आहे का?

घरी आणल्यावर आधी भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा यूपीएसमधलं सर्ज संरक्षण अर्थिंगशिवाय नीट काम करत नाही. लेझर प्रिंटर, मिक्सर, इस्त्री यूपीएसवर लावू नका.

शेवटचं, पण महत्त्वाचं

यूपीएस म्हणजे माहितीचा बॅकअप नव्हे. तो वीज जाण्यापासून वाचवतो. डिस्क खराब होणं, चोरी, आग किंवा चुकून 'डिलीट' दाबलं जाणं, यांपासून नाही. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम यूपीएस आला तरी लागू राहतो.

बजेट कमी असेल तर मोठ्या बॅटरीपेक्षा डेटा पोर्ट असलेल्या लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएसला पैसे द्या. दोन तास चालून धाडकन बंद पडणाऱ्या सर्व्हरपेक्षा पाच मिनिटांत नीट बंद होणारा सर्व्हर केव्हाही बरा.